वरून घातलेलं पाणी

ध्यान संपलं. बाईंनी सगळ्यांना डोळे उघडायला सांगितलं आणि मला ओंजळ करायला.

आम्ही बायका जेवणाच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलो होतो. नुकतंच बाईंनी आमच्याकडून सगळ्या जिवांचं भलं चिंतून घेतलं होतं. मग एकेक जण उठून कोपऱ्यातल्या माठातून पाणी घ्यायला लागली. मी पुढे झाले तशी माझ्याच लाइनवरच्या सुमनने ओगराळं उचललं. ते रोजचंच होतं. मला पाणी तीच घालायची, हातभर वरून, दांड्याला माझं बोट लागू नये अशा बेताने. त्या दिवशी बाईंनी तिच्या हातातून ओगराळं घेतलं. मला वाटलं, आता माझ्या हातात देतील. त्यांनी ते आणखी वर धरलं आणि म्हणाल्या, "ओंजळ कर."

केली. प्यायले. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, ब्लाउजची बाही भिजली.

सत्तर साल उलटून गेलं होतं. पिंपरीतला कारखाना. आम्ही रेडिओला लागणाऱ्या कॉइल गुंडाळायचो. तांब्याची तार केसासारखी बारीक, हात जरा थरथरला की तुटायची. गुंडाळून झालं की कॉइल वार्निशमध्ये बुडवायची. सुमनचं कारण त्यावरच बेतलेलं. "तुझ्या हाताला वार्निश असतं गं, माठाला वास लागतो." कॉइल सगळ्याच बुडवत होत्या. वास माझ्या एकटीच्या हाताला होता.

बाई म्हणजे वेल्फेअर ऑफिसर. पुण्याहून कंपनीच्या गाडीतून यायच्या. कुठल्याशा शिबिरात मौन पाळून आल्या आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीतला थोडा वेळ ध्यानाला गेला. यात देव नाही, पूजा नाही, धर्म नाही, नुसता श्वास बघायचा, हे शास्त्र आहे, असं त्या सांगायच्या. साहेबांनाही ते पटलं, कारण तारा कमी तुटायला लागल्या. पहिल्या दिवशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला सोपं जाईल. तुमचाच ना तो बुद्ध?" बायका हसल्या. सुमन म्हणाली, "बाई, मग हिची हजेरी दोनदा लावा." पुन्हा हसल्या.

मला ध्यान आवडलं होतं. खोटं कशाला बोलू. माझे वडील फाउंड्रीत कामाला. त्यांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा मी शाळेत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, पण तिच्यापुढे काही मागायचं नाही असा त्यांचा दंडक. दारू नाही, लबाडी नाही, मुलीची शाळा बंद नाही. आमच्या घरातला धम्म एवढाच, आणि तो पुरत होता. त्यात श्वास बघण्याची भर पडली. मशीनवर बसल्या बसल्या श्वास बघितला की बोटं ठिकाणावर राहायची.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "बाई, मला पाणी माझ्या हाताने घ्यायचंय."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हसून म्हणाल्या, "तुला राग आलाय. त्याच्याकडे नुसतं बघ. येतो तसा जातो. दुःख बाहेर नसतं गं, आपल्या मनात असतं." मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "नोकरीत कायम कोणाला करायचं ते आता ठरेल. शांत राहा."

घरी सांगितलं. वाटलं होतं, देव बुडवणारा माणूस, उसळेल. वडील भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "आधी कायम हो. मग पी पाणी." त्यांच्या हातावर भट्टीचे डाग होते.

आणि मी खरंच बघितलं. रोज, बाई म्हणाल्या तसं. सुमन वरून धार सोडायची, मी राग बघायचे. तो यायचा, छातीत तापायचा, जायचा. राग गेला तरी ओगराळं सुमनच्याच हातात. एका दुपारी डोळे मिटून बसले असताना ते लख्ख कळलं. मी आत शोधत होते आणि दुःख बाहेर होतं, माठावर, झाकणीशेजारी, लांब दांड्याचं. दुःखाला कारण असतं, ते काढलं की दुःख जातं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाईंनी त्यातलं कारण तेवढं गाळलं होतं.

मी उठले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. ओगराळं घेतलं, माठात बुडवलं, पेला भरला, उभ्याने प्यायले. ओगराळं माठाच्या काठावर वाजलं तसे डोळे उघडले. सुमन म्हणाली, "अगं, हात!" मी तळवा तिच्या नाकापुढे धरला. म्हटलं, "वार्निश आहे. आता तुझा दाखव."

तिने हात पदराखाली घेतला. बाई शांतपणे म्हणाल्या, "डोळे मिटा. श्वास बघा." बायकांनी मिटले.

त्या दिवसापासून त्या माठाचं पाणी कोणी प्यायलं नाही. बायका घरून बाटल्या आणायला लागल्या. माठ मीच घासायचे, मीच भरायचे, मीच प्यायचे. सुमन कायम झाली. मला ब्रेक दिला, टेंपररी बायकांना मधे काही दिवस घरी बसवायचे तसा, आणि परत बोलावलं नाही. वडील बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

आज मी भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये वाइंडिंगचं काम बघते. सकाळी बसते अजून. उदबत्ती नाही, मेणबत्ती नाही. बोटं स्थिर झाली की उठते. राग जावा म्हणून बसत नाही. तो मला कामाला लागतो.

शॉपमध्ये माठ आहे, ओगराळं त्यावरच असतं. ज्याला तहान लागेल त्याने आपल्या हाताने घ्यायचं. दुसऱ्याला वरून पाणी घालताना कोणी दिसला, तर त्याच दिवशी त्याला घरी पाठवते. मग त्याचा हात कितीही साफ असो आणि मन कितीही शांत.