बंदराचं पाणी बंद झालं तेव्हा...

गेल्या आठवड्यात अक्काला समुद्र दाखवायला घेऊन गेलो होतो. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, राहणार चोपडा. साठी ओलांडली, पण समुद्र कधी पाहिलेला नाही... तापीचा पूर हेच तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी.

तिची मुलगी प्रज्ञा गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात अधिकारी आहे. तिचं नेमकं काम काय, हे आम्हा कुणालाच धड सांगता यायचं नाही. जळगावात मेहरूणला माझं मेडिकल आहे, तिथे कुणी विचारलं की मी "भाची बोटींचं बघते" एवढंच सांगायचो.

जळगावहून रेल्वेने गेलो. सकाळी प्रज्ञा ड्युटीवर होती. तोवर प्रवासी लाँचमधून एक फेरी मारून या, म्हणाली. लाइफ जॅकेट घालून आम्ही बसलो. अक्काने माझा दंड घट्ट धरला होता, पण चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा.

दोर सोडणार, तेवढ्यात लाँच चालवणाऱ्या टंडेलने इंजिन बंद केलं. मोडक्या मराठीत म्हणाला, "उतरा काका. पाणी बंद झालं."

आमच्याकडे पाणी बंद म्हणजे नळ कोरडे... इथे डोळ्यांसमोर एवढा समुद्र, आणि हा म्हणतो पाणी बंद. मला काही कळेना.

मग त्याच्या वायरलेसवर एक बाई इंग्रजीत बोलू लागली. अगदी शांत, एकेक शब्द सुटा. अक्का एकदम ताठ झाली.

"हाई तं आपली प्रज्ञा शे."

जेटीवर उतरल्यावर टंडेलने सांगितलं. जहाजांच्या वाटेवर एक छोटी मच्छीमार होडी उलटली होती. दोघे सापडले होते, तिसरा नाही. तो सापडेपर्यंत शोधाच्या बोटी सोडून कुणीही पाण्यात हलायचं नाही... लाँच नाही, होडी नाही, जहाजही नाही. मॅडमचा आदेश. मोडला तर गुन्हा.

आणि त्याने लांब बोट दाखवलं. मी मघापासून ज्याला पलीकडची एखादी इमारत समजत होतो, ते जहाज होतं. कंटेनरचे मजल्यावर मजले रचलेले. ते बंदराकडे येत होतं, आणि तो माणूस त्याच्याच वाटेवर कुठेतरी पाण्यात होता.

आम्ही बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही... मग ते अख्खं धूड हळूहळू वळायला लागलं. तोंड फिरवून परत खुल्या समुद्राकडे निघालं.

अक्काने टंडेलला विचारलं, "हाई बठ्ठं पानी तिना हातमा शे का?" त्याला अहिराणी कळली नाही. हे सगळं पाणी तिच्या हातात आहे का, असं विचारतेय, हे मी समजावून सांगितलं, तेव्हा त्याने होकाराची मान डोलावली.

जेटीच्या टोकाला एक माणूस ओल्या कपड्यांत उभा होता. वाचलेल्या दोघांपैकी एक. जो सापडत नव्हता तो त्याचा धाकटा भाऊ. अक्का जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. ना त्याची भाषा हिला येत, ना हिची त्याला. तिने फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

पुन्हा वायरलेस खरखरला. टंडेल ओरडला नाही, फक्त म्हणाला, "मिळाला. जिवंत आहे." एका डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तो तरंगत होता. भाऊ होता तिथेच मटकन खाली बसला. अक्काही त्याच्याजवळ बसली.

दुपारी प्रज्ञा बंदराच्या कंट्रोल टॉवरमधून खाली आली. मी विचारलं, जहाजाने ऐकलंच नसतं तर?

"ऐकावंच लागतं, मामा. बंदराच्या हद्दीत कुणी यायचं आणि कुणी बाहेर थांबायचं, हे ठरवायचा अधिकार कायद्याने दिलाय आम्हाला." मग म्हणाली, "पण तो वापरताना घसा कोरडा पडतो."

कायदा म्हटलं की मला आजवर तारखा, दंड आणि चकरा एवढंच आठवायचं. त्या सकाळी मी त्याच कायद्याने एवढं मोठं पाणी रिकामं केलेलं पाहिलं... एका माणसासाठी, ज्याचं नावसुद्धा तेव्हा वायरलेसवर कुणी विचारलं नव्हतं.