नळीचं खालचं टोक

"तिले काऊन उलटीपालटी करून राहिल्या वो, डॉक्टरीनबाई? माळ तुटन."

टेबलावर सुशीला होती, कामठ्याची, पस्तिशीची. बोलत होती तिची सासू. सुशीलाचे डोळे पिवळे होते, अंगात ताप होता आणि गळ्यात औषधी मुळ्यांची माळ होती. कावीळ उतरते तशी ही माळ लांब होत खाली सरकते, असं मानतात. ती काढायची नसते. मी ती खांद्यामागे सरकवली आणि सुशीलाला डाव्या कुशीवर वळवलं.

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर पित्ताशयाच्या मानेपाशी अडकलेले बारीक खडे आता वाळूसारखे घरंगळत पुढे आले. पेशंट उताणा असताना ते दिसत नाहीत. म्हणून तर वळवायचं असतं.

"आधी सोनोग्राफी केली होती?"

"दोनदा. इथंच. तुमच्या मशीनीत काई नाई निंगलं. मंग माळ घातली."

मी या सेंटरमध्ये नवीन होते. आधीच्या दोन्ही तपासण्या सरांनी केल्या होत्या. सर सेंटरचे मालक.

मला माळेचा राग आला नाही. माळ देणाऱ्याकडे मशीन नव्हतं.

खडा बारीक असला की पित्ताशयातून घसरून सीबीडीत जातो. सीबीडी म्हणजे पित्त आतड्यात नेणारी नळी. सुशीलाची नळी वरच्या बाजूला चांगलीच फुगली होती. म्हणजे खाली काहीतरी अडलं होतं. पण खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपलं होतं, आणि गॅसमधून सोनोग्राफीला काही दिसत नाही. पाण्यातून दिसतं. मी सुशीलाला उठवून पाणी प्यायला लावलं, उजव्या कुशीवर झोपवलं आणि थांबले.

तेवढ्यात सर आत आले.

"मॅडम, एक पेशंट को इतना टाइम? बाहेर लाइन लागली आहे."

"सर, सीबीडी डायलेटेड आहे. खालचं टोक अजून दिसलं नाही."

"गॅस होगा. नॉर्मल लिहा, पुढचा पेशंट घ्या."

"तिला थंडी वाजून ताप येतोय, सर."

"वो फिजिशियन देखेंगे."

अडलेल्या नळीत इन्फेक्शन झालं तर माणूस दगावू शकतो. हे सरांना माझ्याहून जास्त माहीत होतं. मला आवाज चढवता येत नाही. शाळेपासून वर्गात हात वर करायलाही मी घाबरायचे. पण हातातला सोनोग्राफीचा प्रोब मी तिच्या पोटावरून उचलला नाही.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

जठरात पाणी उतरलं होतं. त्याच्या काळ्या पट्ट्यामागे नळीचं टोक दिसलं. तिथे एक पांढरा ठिपका होता, मागे सावली टाकणारा. खडा. मी स्क्रीन थांबवली आणि सरांकडे वळवली.

सर स्क्रीनकडे वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "ठीक है. आधीच्या रिपोर्टबद्दल काही बोलू नका."

सुशीला अजून श्वास धरून होती. तिला सोडायला सांगायचं मी विसरले होते.

"सोडा श्वास," मी म्हटलं. मग सासूकडे वळले. "आई, नळीत खडा अडकलाय. आजच नागपूरला न्या. आधी ही जागा दिसलीच नव्हती. तसं तुम्हाला सांगायला हवं होतं."

सासूने सरांकडे पाहिलं. "दिसली नाई, त मंग नॉर्मल कायले लिवलं, साहेब?"

सर दार उघडून पुढच्या पेशंटला हाक मारायला गेले. ते काम एरवी आमची सिस्टर करते.

नागपूरला तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. पुढे तपासणीला आली तेव्हा सुशीलाचे डोळे पांढरेशुभ्र होते. माळ अजून गळ्यातच होती. "पाय वो, माळ कमरेलोग आली," सासू म्हणाली. मी मान डोलावली आणि सुशीलाला कुशीवर वळवलं.

सरांनी नंतर तो विषय काढला नाही. मीही नाही. जे दिसलं नाही, त्याच्यापुढे रिपोर्टात मी 'दिसलं नाही' एवढंच लिहिते. त्याला फार वेळ लागत नाही.