किराईत, माझा ताप आणि बेंबळीचे अप्पा

बेंबळीहून अप्पांच्या सुनेचा, रेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी महाविद्यालयात पोरांच्या वह्या तपासत होतो. "सर, अप्पा गेले. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले... उठलेच न्हाईत." नव्वदीला टेकलेला त्यांचा सासरा, आणि शेवटी ना नळ्या, ना सुया, ना दवाखान्यातली खाट. डोळे भरून आले हे खरं, पण आतून सुटल्यासारखंही वाटलं. दीड महिना झाला, अजून तसंच वाटतंय.

गुरुलिंगअप्पा शेतकरी, पण झाडपाला ओळखावा तर त्यांनीच. त्यांची ओळख झाली तेव्हा मी धाराशिवात औषधशास्त्रात पीएच.डी. करत होतो. किराईत नावाचं कडूजहर झुडूप मलेरियावर चालतं का, हा विषय. पहिल्याच दिवशी मी बांधावरून पोतंभर झाडं उपटून मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढं ओतली. त्यांनी एक पान चावलं. "सर, हे कडू लागंना की." पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं, चव घ्यावी हे सुचलंच नव्हतं... ते पोतं म्हशीनंही नाकारलं. पुढं तीन वर्षं त्यांनीच मला किराईत दाखवलं, आणि दर वेळी चार झाडं बियाला ठेवायला लावली.

प्रयोगशाळेत अर्कानं जंतू मेले, तेव्हा मी तुळजापूरचे पेढे घेऊन बेंबळी गाठली.

"अप्पा, तुमच्या किराईतानं मलेरियाचे जंतू मेले!"

"कुठं मेले?"

"काचेच्या नळीत."

"नळीला ताप येतो व्हय?"

मी एक पेढा तोंडात कोंबला. 

त्याच पावसाळ्यात एका दुपारी मला हुडहुडी भरून ताप आला. शहाण्या माणसानं रक्त तपासून घेतलं असतं. मी संशोधक होतो. खोलीवर किराईताचा काढा उकळून प्यालो, आणि दुसऱ्या दिवशी अंग गार! प्रबंधाच्या वहीत 'स्वानुभव' असा मथळा घातला, खाली दोन रेघा ओढल्या आणि अप्पांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "चढला कवा व्हता?" म्हटलं, काल दुपारी दोनच्या सुमाराला. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, म्हातारा जळतोय.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता अप्पा एसटीनं येऊन दारात हजर. खुर्ची ओढून बसले. मी ताजातवाना, त्यांना 'स्वानुभव' वाचून दाखवू लागलो. दोन वाजले आणि पान उलटता उलटता माझे दात वाजायला लागले. अंगावर दोन गोधड्या, वर अप्पांचं उपरणं... "ह्यो दिवसाआड येणारा ताप. काल त्याची सुट्टी व्हती, सर. तुमी काढ्याला बक्षीस देऊन बसलात."

रिक्षात घालून त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्तात मलेरिया निघाला. बाकड्यावर माझं डोकं खांद्याशी धरून ते हळूच म्हणाले, "धाकट्या भावाला म्या असाच काढा दिलता. मधल्या दिवशी उठून जेवला. बरा झाला म्हणून म्या गावभर सांगितलं... फुडच्या तापात गेला." तेव्हापासून तापाच्या माणसाला रक्त तपासल्याशिवाय त्यांनी पानसुद्धा दिलं नव्हतं. मला चौदा दिवस गोळ्या होत्या. रोज फोन यायचा, "गिळल्याचा आवाज ऐकू द्या."

'स्वानुभव' मी खोडला. प्रबंधात लिहिलं, नळीत गुण दिसतो, माणसात अजून सिद्ध नाही. परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्याचं कौतुक केलं, आणि मी निर्लज्जपणे मान झुकवली.

परवा बेंबळीला गेलो. शेतातल्या समाधीवर बेल वाहून ओसरीत बसलो होतो, तेवढ्यात शेजारचा एक जण आला. "वैनी, काल लई हुडहुडी भरून ताप आलता. मूठभर किराईत द्या." मी घसा खाकरला. पंधरा वर्षं शिकवतोय, विषय माझाच. वहिनींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"रगात तपासलंस का?"

"न्हाय. आज बरं वाटतंय."

"मग आजच जायचं. घाल चप्पल."

त्यांनी स्कूटी काढली, त्याला मागं बसवलं. "सर, तुम्ही चहा घ्या," म्हणाल्या आणि आरोग्य केंद्राच्या रस्त्याला लागल्या. मी चहा घेतला. कित्येक वर्षांत इतका निवांत चहा प्यालो नव्हतो.