नणंदबाईंचे हात

मंगळवार, घाटंजी. बाळाच्या मालिशचं प्रशिक्षण. हजर: नऊ आशाताई, मी, एक रबरी बाहुली आणि यादीत नाव नसलेल्या माझ्या मोठ्या नणंदबाई. त्यांच्याइतके अस्वस्थ हात अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचे नसतील. एसटीत बसल्या तर पुढच्या सीटची दांडी चोळतात. कणीक मळताना गोळा मांडीवर घेऊन थोपटतील की काय अशी भीती वाटते. मागे बँकेच्या रांगेत त्यांनी पुढच्या अनोळखी बाईचा खांदा चोळायला घेतला, तर ती मागे न बघताच म्हणाली, "थोडं खाली." माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखालून गेली: कानात तेल, नाकात तेल आणि नाक सरळ व्हावं म्हणून अंगठ्यानं रोज ओढणं. नेमकं हेच करू नका, असं मी आता आशाताईंना शिकवते.

"बाई, तुम्ही काहून आल्या?" मी विचारलं.

"शिकाले. नात दिवस भरायच्या आंधीच झाली न. आता डॉक्टरनं मालिश सांगतली, तं सून हात लावू देत नाही. म्हणते, तुमचे हात जड हायेत, पैले शिकून या."

पहिल्याच फेरीत त्यांनी बाहुलीचा पाय उपटला. "आत्याबाई, हिले आता यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागन," एक आशाताई म्हणाली आणि खोली हसली. नणंदबाई हसल्या नाहीत. पाय बसवून त्यांनी पुन्हा सुरुवात केली: तळहात घासून गरम, दाब हलका, बाळानं तोंड फिरवलं की थांबायचं. "हे बाहुली तोंडच फिरवत नाही," त्यांची तक्रार, "मंग मले कसं समजन?" चहा आला, निवला, तरी त्या चोळतच होत्या.

सगळ्या गेल्यावर मी सतरंजी उचलत होते आणि नणंदबाई बाहुलीला टॉवेलात गुंडाळत होत्या. सवयीनं अंगठा तिच्या नाकाकडे गेला आणि अलीकडेच थांबला. तो त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत दाबून धरला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वयनी, सुनेले फोन कर. शिकली म्हून सांग."

बाकीची कामं मी त्याच दिवशी उरकली. हा फोन मात्र तीन दिवस राहिलाय. अंगठा थांबला एवढंच सांगावं, की आधी नाकाकडे गेला होता हेही, माझं ठरत नाही. आणि नात तर रोज थोडी थोडी मोठी होते आहे.