शहाळेवाल्याचा कोयता

सकाळी फिरून आल्यावर आम्ही चौघे निवृत्त मित्र टपरीवर चहा घेतो आणि जगाला शहाणपण शिकवतो. परवा विषय होता पोलिसांच्या शॉक देणाऱ्या बंदुकीचा, टेझरचा. "कोणाच्या जिवावर बेतल्याशिवाय ती वापरताच कामा नये," असं मी ठासून सांगत होतो.

तेवढ्यात शेजारच्या शहाळेवाल्याचा कोयता उचलून एक वेडसर माणूस रस्त्यात उभा राहिला. तो कोणाच्या अंगावर जात नव्हता, नुसता थरथरत होता. चौकातला हवालदार धावत आला, तसा मी खुर्चीमागे सरकून ओरडलो, "हाणा त्याला, बघताय काय!"

हवालदाराने काठी बगलेत धरली. लांबूनच त्याने विचारलं, "दादा, तहान लागलीय का?"

माणसाने मान हलवली आणि कोयता खाली ठेवला. शहाळेवाल्याने त्याच कोयत्याने एक शहाळं फोडून त्याला दिलं.

माझे मित्र आपापल्या कपात बघत होते. जाताना हवालदार माझ्यापाशी थांबला आणि अगदी त्याच आवाजात म्हणाला, "काका, घाबरलात का? बसा जरा."

मी बसलो. कोयता तेवढा माझ्या हातात नव्हता.