जवसाचं तेल आणि माझं डोकं

माझे केस कुरळे होते, दाट होते, आणि आमच्या घरात त्यांना केस कोणी म्हणत नसे. झिपऱ्या म्हणत. त्या झिपऱ्यांना वठणीवर आणायचा एकच उपाय आईला ठाऊक होता, तो म्हणजे तेल. रोज सकाळी माझे खांदे गुडघ्यांत दाबून ती डोक्यात जवसाचं तेल जिरवायची आणि मग कपाळाची कातडी ताणली जाईल अशा दोन घट्ट वेण्या घालायची. तेल उमरेडच्या आत्याकडचं. घाण्यावरून काढून, डबा भरून, ती स्वतः एसटीने घेऊन यायची. त्या तेलाला नावं ठेवणं म्हणजे आत्यालाच नावं ठेवणं.

जवसाचं तेल जेवणात चांगलंच लागतं. पण उघड्यावर राहिलं की ते घट्ट आणि चिकट होत जातं. त्यात आम्ही राहत होतो कोराडीच्या कॉलनीत, बाबा वीज केंद्रात कामाला. चिमणीची राख अंगणातल्या पापडांवर आणि वाळत घातलेल्या चादरींवर बसायची, तशीच माझ्या भांगातही बसायची. आई चादरी झटकायची, पापडांवर फडकं टाकायची. माझ्या डोक्यावर मात्र आणखी तेल. शाळेतून येईपर्यंत त्याचा लगदा झालेला असायचा, आणि डोक्यावरून न्हाणं फक्त रविवारी.

नववीत डोक्यात फोड आले. खाज, खपल्या, उशीवर केसांची गुंतवळं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि तेल बंद करा म्हणून सांगितलं. बसमध्ये बसल्यावर आईने मलम पिशवीच्या तळाशी कोंबलं. मग म्हणाली, "तेल बंद करा म्हणे! त्याले का समजते बाईच्या केसातलं?" मलम तेलावरच चोपडलं गेलं.

दिवाळीनंतर आत्या आली. माझी वेणी दोन बोटांत उचलून तिने निकाल दिला, "भादरून टाका हे सारं. नवे येतीन ते चांगले येतीन." येत्या रविवारी न्हाव्याला बोलवायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "डोकं माह्यं हाये. कोणी हात लावला त मी जेवणार नाही."

"काहून वं, इतकी मोठी झाली का तू?" आत्या म्हणाली.

"झाली," मी म्हणाले.

बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. तोवर बरं झालं नाही तर न्हावी.

आता काय करायचं ते मला कोणी सांगणार नव्हतं. ज्याला विचारावं त्याचं उत्तर तेल हेच. मी कपड्याच्या साबणाने डोकं धुतलं, तर केस खराट्यासारखे उभे राहिले. बेसन लावलं, तर ते कुरळ्यांत अडकून वाळलं आणि दिवसभर वर्गात माझ्या खांद्यांवर पडत राहिलं. मुली हसल्या. हसोत. मग रिठे भिजवले, कुस्करले, फडक्यातून गाळले आणि ते पाणी नखं न लावता बोटांनी मुळांशी चोळलं. डोक्याची आग कमी झाली. कोरडे केस विंचरले की तुटतात, हे कळल्यावर ओले असतानाच बोटांनी गुंता सोडवू लागले. तेल मुळांना अजिबात नाही, ओल्या टोकांना खोबरेलाचे दोन थेंब फक्त. एकच सैल वेणी. आणि घराबाहेर पाऊल टाकलं की डोक्याला ओढणी गुंडाळलेली, राखेसाठी.

शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून बाईंनी मला बाहेर काढलं. तेल लावून, दोन वेण्या घालून ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी तशीच गेले. तिसऱ्या दिवशीही. व्हरांड्यात उभं राहायची शिक्षा झाली, तर उभी राहिले. माझ्या डोक्यातली खाज बाईंना थोडीच होत होती? शेवटी त्याच कंटाळल्या.

संक्रांतीला फोड नव्हते. भांगाशी नवे, बारीक कुरळे केस उगवले होते. न्हाव्याचा विषय कोणी काढला नाही. आई काहीच बोलली नाही, चांगलं झालं एवढंही नाही. मला ते फार लागलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी मोरीत रिठे गाळत होते. आई आली, आतून दार लावलं, माझ्याकडे पाठ करून दगडावर बसली आणि डोक्यावरचा पदर काढून अंबाडा सोडला. मी आईचं डोकं असं उघडं कधी पाहिलं नव्हतं. मुठीत मावेल एवढी केसांची शेपटी उरली होती. खाली सगळीकडे फोड, जुन्या काळ्या खपल्या, आणि टाळूवर केस गेलेला गोल चट्टा.

"हे कधीपासून हाये, आई?"

"लय वर्षं झाले."

मला असा राग आला की गाळणीचं फडकं हातातून पडलं. "मंग मले काहून ते तेल लावत होती रोज?"

तिने मान वळवली नाही. "मले वाटलं," ती म्हणाली, "साऱ्याच बायाइचं डोकं असं राह्यते."

मी फडकं उचललं. पाणी कोमट आहे का ते मनगटावर पाहिलं, आणि तिचं डोकं पुढे वाकवलं.