तलवारबाजीसाठी रजा

"तलवारबाजी?" स्वामीसाहेबांनी माझा रजेचा अर्ज लांब धरून वाचला. "मॅडम, पाण्यावरनं हाणामाऱ्या होऊन राहिल्या, जमावबंदी लागलीय, आणि तुम्हाला तलवारबाजीला रजा पाहिजे?"

स्वामीसाहेब आमचे उपअभियंता. मी त्यांच्या हाताखाली कंत्राटी ज्युनिअर इंजिनिअर, उदगीरला, पाणीपुरवठ्यात. दुष्काळाचं साल. तालुक्याचे टँकर माझ्याकडे. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती, त्यामुळे ऑफिसात पाण्यापेक्षा बदल्यांवरच जास्त बोलणं चालायचं.

"आजारी आहे म्हणून लिवा. मी सही करतो."

"नको सर. पदक मिळालं तर सर्टिफिकेट नोकरीच्या अर्जाला जोडणार. त्यावर तारीख असते. त्याच तारखेला मी आजारी कशी?"

"लई पुढचं बघता तुम्ही," म्हणत त्यांनी सही केली. "पण सकाळचे टँकर काढून जायचं."

पुढचं बघणं भागच होतं. राज्य स्पर्धेत पदक मिळालं की खेळाडूंच्या कोट्यातून कायम नोकरीला अर्ज करता येतो, आणि माझं वय पुढच्या वर्षी त्या अटीत बसणार नव्हतं. नांदेडला इंजिनिअरिंग करताना लागलेला हा नाद. तेव्हा सबमिशन सांभाळून सराव करायची, आता टँकर सांभाळून. नांदेडची ही स्पर्धा हुकली की विषय संपला.

शनिवारी सकाळी किट जीपमध्ये टाकून फीडिंग पॉइंटवर गेले. फीडिंग पॉइंट म्हणजे टँकर भरायची जागा. बाकीचे भरून निघाले. बंजारा तांड्याचा शेवटचा टँकर आत जाऊन भरायला माझ्या जीपमागे फाटकाशी उभा होता, तेवढ्यात बंदोबस्तावरच्या जमादारांना माझी लांबलचक बॅग दिसली.

"काय हाय यात?"

"एपे."

"ते काय अस्तंय?"

मला घाई होती. "तलवार," मी म्हटलं.

झालं. फाटक बंद. एपेला धार नसते. टोकाला स्प्रिंगचं बटण असतं, ते समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की मशीनवर दिवा लागतो. मी हे समजावत होते आणि जमादार एकेक तलवार काढून बॉनेटवर मांडत होते. डोकं फिरलं होतं माझं. पण आवाज चढवला असता तर नांदेडऐवजी ठाण्यात जावं लागलं असतं. शेवटी साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तुमच्या मॅडमजवळ तीन तलवारी सापडल्यात," जमादार म्हणाले.

साहेब म्हणाले, "हाव. तलवारबाजीलाच चालल्यात त्या. अर्जात तसंच लिहिलंय, सही माझी हाय. सोडा त्यांना."

आजारी लिहिलं असतं तर साहेब काय बोलले असते, देव जाणे.

फाटक उघडलं आणि लाइट गेली. पंप बंद. तांड्याचा ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही जावा मॅडम, लाइट आली की भरून नेतो." मी निघाले.

पोचले तेव्हा माझ्या नावाचा दुसरा पुकारा चालला होता. तिसऱ्याला हजर नसलं की बाद. वॉर्मअप न करताच खेळायला लागले. पंधरा पॉइंटच्या क्वार्टर फायनलला चौदा-चौदा झाले. या खेळात सेमी फायनल हरणाऱ्या दोघींनाही ब्राँझ मिळतं, म्हणजे या एका पॉइंटवर माझी नोकरी होती. समोरची माझ्याहून उंच. ती अंगावर आली आणि मी तिच्या मनगटावर टोक टेकवलं. एकटा माझाच दिवा लागला. मास्क काढून मी ढसाढसा रडले. सेमी फायनल सपाटून हरले, त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी ऑफिसात पेढे वाटत होते, तर तांड्याच्या सरपंचबाईंचा फोन.

"मॅडम, पेपरात तुमचा फोटो पाहिला. लई झाक आलाय."

"थँक्यू ताई."

"फोटो आला. टँकर न्हाई आला."

लाइट शनिवारी संध्याकाळीच आली होती. तोवर ड्रायव्हर घरी गेला होता. त्याला परत बोलवायचं काम माझं, आणि मी रजेवर. पेढे तसेच टाकून मी पॉइंटवर गेले आणि भरलेल्या टँकरमागे तांड्यावर. सगळ्यांच्या घागरी भरल्यावरच ताईंनी स्वतःची घागर नळीखाली लावली.

आता मी कायम झाले आहे, खेळतेही. रजेवर जाताना टँकर ऑफिसातल्या कोणाच्या तरी गळ्यात घालते आणि त्याचा नंबर प्रत्येक सरपंचाला देऊनच निघते. तो दर वेळी कुरकुर करतो. करू दे.